वात आणि वाट

एका माणसाला आवाज बंद केलेला सिनेमा बघायला बसवतात. डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी टोपी, कानांवर हेडफोन. हेडफोनमधून एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतो: ए, ए, ए, ए. मध्येच कधीतरी त्या रांगेत एक ‘ओ’ येतो आणि पुढे पुन्हा ए, ए, ए. कानावर पडणाऱ्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, सिनेमा बघा, असं त्याला बजावलेलं असतं आणि तो खरंच सिनेमात रमलेला असतो. तरीही तो परका स्वर आला की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांच्या आत मेंदूच्या विद्युत आलेखात एक खड्डा पडतो. खड्डा अगदी लहान, काही मायक्रोव्होल्टचा. एकदा ऐकवून तो दिसत नाही. तोच प्रकार शेकडो वेळा करून सरासरी काढली की मग स्पष्ट दिसायला लागतो.

फिनिश मानसशास्त्रज्ञ रिस्तो नॅतॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हा खड्डा नीट वेगळा काढून दाखवला. ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ हे त्याचं शास्त्रीय नाव. मी आपली त्याला मेंदूला लागलेली चाहूल म्हणते. आत्तापर्यंत जे ऐकलं ते मेंदू थोडा वेळ धरून ठेवतो, पुढेही तेच येणार असं गृहीत धरतो, आणि तसं झालं नाही की नोंद करतो. यासाठी आपलं लक्ष लागत नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळांच्या मेंदूतही ही चाहूल नोंदवता आली आहे. कोमात गेलेल्या रुग्णांमध्येही ती तपासतात. जिथे ती सापडते तिथे रुग्ण शुद्धीवर येण्याची आशा जास्त असते. सापडली नाही म्हणून आशा सोडावी असं मात्र नाही. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. ज्याच्याशी बोलता येत नाही अशा माणसाच्या आत ऐकण्याचं काम चालू असू शकतं.

पण मला या सगळ्यात जास्त खेचून घेतलं ते दुसऱ्याच प्रश्नाने. जगात आवाजांचे फरक असंख्य आहेत. प्रत्येक माणसाचा ‘प’ वेगळा, एकाच माणसाचा सकाळचा ‘प’ आणि संध्याकाळचा ‘प’ वेगळा. मग यातला कुठला फरक धरायचा आणि कुठला सोडायचा, हे मेंदूला कोण सांगतं?

‘पा’ आणि ‘बा’ घ्या. दोन्हींत ओठ मिटतात आणि उघडतात. ‘पा’ म्हणताना ओठ उघडतात आणि जवळजवळ त्याच क्षणी घशातले स्वरतंतू कंप पावू लागतात. ‘बा’ म्हणताना कंप आधीच सुरू झालेला असतो, ओठ मागाहून उघडतात. ‘फा’सारख्या महाप्राण वर्णात ओठ उघडल्यावर आधी हवेचा झोत जातो आणि मग कंप. म्हणजे ओठ आणि स्वरतंतू यांच्यात कोण आधी, कोण नंतर आणि किती नंतर, एवढाच हिशोब, आणि तो मिलिसेकंदांचा. आपण दिवसभर बोलताना आणि ऐकताना तो बिनचूक करत असतो, आणि करतो आहोत याचा पत्ताही नसतो.

यंत्राच्या मदतीने हा काळ थोडा थोडा वाढवत नेता येतो. एका टोकाला स्वच्छ ‘बा’, दुसऱ्या टोकाला स्वच्छ ‘पा’ आणि मधे सारख्या अंतराच्या पायऱ्या. ऐकणाऱ्याला वाटायला हवं की आवाज हळूहळू बदलतो आहे. तसं वाटत नाही. बा, बा, बा, बा, आणि एकदम पा, पा, पा. इंग्रजी भाषकांचा कान ही रेघ ओठ उघडल्यानंतर साधारण २५ मिलिसेकंदांच्या आसपास मारतो. रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे दोन आवाज २० मिलिसेकंदांनी वेगळे असले तर ते स्पष्ट वेगळे ऐकू येतात. तोच २० मिलिसेकंदांचा फरक रेघेच्या एकाच बाजूला असला तर दोन्ही आवाज एकच वाटतात. न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत अल्विन लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये हा प्रकार पहिल्यांदा पद्धतशीर दाखवला. त्यांनी बनवलेले १४ आवाज ‘बे’पासून ‘डे’मार्गे ‘गे’पर्यंत सरकत जात होते, आणि ऐकणाऱ्यांना मात्र तीनच वर्ण ऐकू येत होते.

पुढच्या संशोधनाने हे चित्र थोडं सौम्य केलं, आणि मला ते सौम्य झालेलं चित्रच जास्त खरं वाटतं. रेघेच्या एकाच बाजूचे दोन वेगळे आवाज ऐकवले तर लोक ‘एकच आहेत’ असंच सांगतात, पण ते सांगायला त्यांना किंचित जास्त वेळ लागतो. फरक आत पोचलेला असतो. उत्तरात तो उतरत नाही, एवढंच.

१९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न १ आणि ४ महिन्यांच्या बाळांना विचारला. बाळ सांगणार कसं? त्यांनी बाळाच्या तोंडात चोखणी दिली आणि ती जोराने चोखली की आवाज वाजेल अशी व्यवस्था केली. नवा आवाज आला की बाळ भराभर चोखतं, तोच तो वाजत राहिला की कंटाळून मंदावतं. बाळ मंदावलं की आवाज बदलायचा. बदल रेघेपलीकडचा असेल तर बाळ पुन्हा उत्साहाने चोखू लागायचं. तेवढाच बदल रेघेच्या अलीकडेच असेल तर त्याला फारसं काही वाटायचं नाही. महिन्याभराचं मूल, भाषेचा एक शब्द येत नाही, आणि रेघ जागेवर! त्यावरून ही रेघ माणसाच्या जन्मजात भाषाशक्तीची खूण असावी, असं अनेकांना वाटलं. चारच वर्षांनी पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला या छोट्या प्राण्याला ‘डा’ आणि ‘टा’ ओळखायला शिकवलं, तर त्यानेही रेघ जवळपास तिथेच मारली. म्हणजे काही रेघा भाषेच्याही आधीच्या आहेत, सस्तन प्राण्यांच्या श्रवणयंत्रणेतच बसलेल्या, आणि भाषांनी बहुधा त्याच हाताशी धरल्या.

सगळ्याच रेघा मात्र अशा आयत्या मिळत नाहीत.

माझी एक मैत्रीण इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढलेली आहे. मोठेपणी तिने मराठी शिकायला घेतलं. व्याकरण तिने भराभर उचललं. नामांची लिंगं तर इतकी पक्की केली की मला कौतुक वाटतं. पण ‘वात’ आणि ‘वाट’ हे शब्द मी पाठोपाठ म्हटले की ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिला एकच शब्द दोनदा ऐकू यायचा. मी सावकाश म्हटलं, मोठ्याने म्हटलं. मोठ्याने म्हणण्याचा काहीच उपयोग नसतो, कारण फरक आवाजाच्या उंचीत नाही, जिभेचं टोक दातांना लागतं की मागे वळून टाळूला, यात आहे. ती म्हणाली, “तू दोन वेगळे शब्द म्हणते आहेस यावर माझा विश्वास आहे, पण मला ते ऐकू येत नाहीत.”

मग तिने मला दोन इंग्रजी शब्द ऐकवले. एकाचा अर्थ पश्चिम दिशा, दुसऱ्याचा बंडी. मला दोन्ही वेळा ‘वेस्ट’च ऐकू आलं, आणि इथे लिहितानाही दोन्ही ‘वेस्ट’च लिहावे लागतात. एकात ओठांचा चंबू होतो, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला घासतात. आपला ‘व’ या दोन्हींच्या मधे कुठेतरी, दोघांनाही पोटात घेऊन आरामात बसलेला. तिच्या वहीत मी पाहिलं तर ‘वाट’ हा शब्द रोमन लिपीत एकदा व्ही घालून लिहिलेला होता आणि एकदा डब्ल्यू घालून. “यातला नक्की कुठला?” असं तिने विचारलं. त्या एका छोट्या शब्दाचा शेवट तिला ऐकू येत नव्हता आणि सुरुवात मला.

तिची ही अडचण तिच्या एकटीची नाही हे मला पुढे कळलं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदीतला त-ट हाच भेद घेतला होता. त्याच्या जोडीला ब्रिटिश कोलंबियातल्या न्लाकापमुख या मूलनिवासी भाषेतला, घशात खोलवर होणारा एक भेद. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळं हे दोन्ही भेद ओळखत होती. आवाज बदलला की ती मान वळवत, कारण तिकडे एक खेळणं उजळून हलू लागे. ८ ते १० महिन्यांच्या बाळांत ओळखणारी कमी भरली. १० ते १२ महिन्यांच्या बाळांत अगदी थोडी. त्याच वयाची, पण हिंदी किंवा न्लाकापमुख ऐकत वाढणारी बाळं आपापले भेद व्यवस्थित ओळखत होती.

म्हणजे माझी मैत्रीण सहा महिन्यांची असताना तिला बहुधा ‘वात’ आणि ‘वाट’ वेगळे ऐकू येत होते, आणि मला ते दोन ‘वेस्ट’. पहिला वाढदिवस यायच्या आत आम्हा दोघींच्या हातून ते सुटले. हे वाचून आधी वाईट वाटलं. आता तसं वाटत नाही. याच महिन्यांत बाळ घरच्या भाषेतले भेद जास्त जास्त चांगले ओळखू लागतं. सगळ्याच फरकांकडे सारखं लक्ष देणारा कान कुठलीच भाषा वेगाने ऐकू शकणार नाही. समोरचा माणूस घोगऱ्या आवाजात बोलतोय, गोंगाटात बोलतोय, घाईत अर्धे वर्ण गिळतोय, तरी तो काय म्हणाला ते आपल्याला कळतं, कारण निरर्थक फरक बाजूला सारायला आपण फार लवकर शिकलो. काही सोडणं हा त्या शिकण्याचाच भाग आहे.

नॅतॅनेन यांच्या गटाने हेच मेंदूच्या आलेखात पकडलं. फिनिश आणि एस्टोनियन या बहिणी-बहिणी भाषा. एस्टोनियनमध्ये एक स्वर आहे, ‘ओ’ म्हणताना ओठांचा चंबू न करता बोलावं तसा काहीसा. फिनिशमध्ये तो नाही. दोन्ही भाषांत असलेला दुसरा एक स्वर म्हणजे ‘ए’ म्हणताना ओठ गोल करावेत तसा. प्रयोगात ‘ए’ची रांग चालू असताना मध्येच हे स्वर आले. ध्वनीच्या मोजमापात एस्टोनियन स्वर ‘ए’पासून जास्त दूर आहे, तेव्हा चाहूल त्याचीच जास्त लागायला हवी. एस्टोनियन लोकांच्या मेंदूत तसंच झालं. फिनिश लोकांच्या मेंदूत मात्र लांबच्या त्या परक्या स्वराची चाहूल कमी लागली आणि जवळच्या पण ओळखीच्या स्वराची जास्त. हा अभ्यास १९९७ चा. पुढच्या वर्षी त्यांनी बाळांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: सहा महिन्यांची फिनिश बाळं नुसतं ध्वनीचं अंतर मोजत होती, वर्षाची झाल्यावर त्यांचा मेंदू फिनिश माणसासारखा वागू लागला होता.

लक्षात घ्या, ही चाहूल लक्ष देण्याच्या आधीची आहे. सिनेमा बघत असताना लागणारी. म्हणून उच्चारावरून लोकांना हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्याच्या घरच्या बोलण्यात ‘न’ आणि ‘ण’ यांत भेदच नव्हता, त्याच्या मेंदूला ती रेघ जपायला कारण काय होतं? त्याला ‘नीट बोल’ म्हणणारा माणूस त्याच्याकडून अशी गोष्ट मागत असतो, जी त्याच्या इच्छेच्या आणि प्रयत्नाच्याही आधी, पाळण्यात ठरली. आणि हसणाऱ्याच्या स्वतःच्या कानातून किती भेद गळलेले असतात! आपण मराठी भाषक ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ वेगवेगळी बोलतो, वेगवेगळी ऐकतो. दोन्हींना अक्षर एकच, तरी आपली गडबड होत नाही. मराठी शिकणारा परका माणूस इथे पार गोंधळून जातो, आणि आपल्याला तर तो फरक आहे हेही कुणीतरी दाखवल्याशिवाय सुचत नाही.

गळलेला भेद कुठे जातो? तो कानातून जात नाही, याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा १९७५ चा आहे. जपानी भाषकांना इंग्रजीतला र-ल भेद ऐकायला अवघड जातो, हे सर्वांना माहीत आहे. या दोन आवाजांतला मुख्य फरक ध्वनीच्या ऊर्जेच्या तिसऱ्या पट्ट्यात असतो, त्याला फॉर्मंट म्हणतात. संशोधकांनी तेवढाच पट्टा कापून वेगळा ऐकवला. तो एकटा ऐकला तर बोलण्यासारखा वाटतच नाही. आणि मग जपानी श्रोत्यांनी त्यातला फरक अमेरिकी श्रोत्यांइतकाच चांगला ओळखला! बोलणं म्हणून ऐकलं की फरक नाहीसा, नुसता आवाज म्हणून ऐकला की हजर. त-ट बाबतही असंच काहीसं दिसलं आहे. दोन आवाज अगदी लागोपाठ वाजवले तर इंग्रजी भाषकांनाही थोडाफार फरक कळतो, मधलं अंतर वाढवलं की निसटतो. कान आपलं काम चोख करतो. पुढे भाषा त्या आवाजावर आपल्या रेघा मारते.

त्या रेघा मेंदूत कुठे आणि कशा दिसतात, याची झलक २०१४ मध्ये मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एडवर्ड चँग यांच्या चमूने सहा रुग्णांचा अभ्यास केला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी त्यांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड बसवलेले होते. त्यांना ४०० वेगवेगळ्या माणसांच्या आवाजातली ५०० वाक्यं ऐकवली. कानाच्या पातळीवर, मेंदूच्या बाजूच्या पट्टीवरच्या प्रत्येक जागेला काय आवडतं हे पाहिलं. कुठल्याही जागेला एकटा ‘प’ किंवा एकटा ‘स’ आवडत नव्हता. आवडत होते ते वर्णांचे गट. एक जागा प-ट-क-ब-ड-ग अशा सगळ्या स्पर्शवर्णांना प्रतिसाद द्यायची, दुसरी स-श-झ अशा घर्षणाच्या आवाजांना, तिसरी म-न ना, आणखी काही स्वरांना.

हे वाचताना मला आपली वर्णमाला आठवल्याशिवाय राहिली नाही. स्पर्श, ऊष्म, अनुनासिक, स्वर. जुन्या वैयाकरणांनी हे गट कुठल्याही यंत्राविना, केवळ स्वतःच्या तोंडाकडे आणि कानाकडे लक्ष देऊन पाडले. मेंदूचा तक्ता आणि आपला तक्ता हुबेहूब जुळतात असं मी म्हणणार नाही. आपल्या ओळी उच्चाराच्या स्थानावरून लावलेल्या आहेत, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशा, तर मेंदूच्या त्या पट्टीवर स्थानापेक्षा हवा कशी अडते आणि सुटते याला जास्त वजन दिसलं. तरीही क-ख-ग-घ-ङ हे पाठांतर पुरतं विसरायच्या वयात त्या तक्त्याकडे मी नव्याने बघितलं, आणि तो लावणाऱ्यांबद्दल माझा आदर फार वाढला.

आता राहिलं, या रेघा मारायला बाळाला काय लागतं. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी मँडरिन ही चिनी भाषा बोलणारी माणसं खेळवली. १२ बैठका, एकूण सुमारे पाच तास. समोर बसून पुस्तकं दाखवायची, खेळणी द्यायची, आणि मँडरिनमध्ये बोलत राहायचं. एवढ्यावर त्या बाळांना मँडरिनमधला एक अवघड भेद तैवानमध्ये वाढणाऱ्या बाळांइतका ओळखता आला. दुसऱ्या गटातल्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ती काहीच शिकली नाहीत. २००३ चा हा अभ्यास आहे आणि मी तो लहान मूल घरात असलेल्या प्रत्येकाला सांगत असते. आवाज तोच, भेद तोच, पण पडद्यावरचा माणूस बाळाच्या नजरेला नजर देत नाही, त्याने बोट दाखवलं तिकडे बघत नाही. मोठी माणसं बाळाशी ताणून ताणून, लाडात बोलतात, तेही वाया जात नाही. अमेरिका, रशिया आणि स्वीडन इथल्या आयांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा तिन्हीकडे बाळाशी बोलताना स्वर एकमेकांपासून जास्त लांब, जास्त ठळक होत होते. ज्या फरकांचा पुढे उपयोग होणार, तेच त्या मोठे करून दाखवत होत्या, आणि कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

मोठेपणी ही वाट बंद होत नाही, अरुंद होते. १९९१ मध्ये अमेरिकेत काही जपानी विद्यार्थ्यांना र-ल भेद शिकवला गेला. एकाच शिक्षकाच्या स्वच्छ आवाजाऐवजी त्यांना अनेक माणसांच्या आवाजातले शब्द ऐकवले, भेद शब्दाच्या सुरुवातीला, मधे, शेवटी असे सगळीकडे आलेले. तीन आठवड्यांत त्यांची ओळख सुधारली. अशाच पद्धतीने शिकलेल्यांची सुधारणा तीन महिन्यांनीही टिकून होती, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. याचं कारण उघड आहे. एकच आवाज ऐकून मेंदू त्या माणसाच्या लकबी शिकतो. अनेक आवाज ऐकले की त्या सगळ्यांत समान असलेलं तेवढं हाती लागतं, आणि वर्ण तोच असतो.

१९९८ मधल्या आणखी एका अभ्यासात इंग्रजी भाषकांना त्यांच्या भाषेत नसलेला एक भेद शिकवत असताना मेंदूची चाहूलही वेळोवेळी मोजली. काही जणांच्या बाबतीत आलेख आधी बदलला आणि उत्तरं मागाहून सुधारली. त्या मधल्या दिवसांत त्यांना विचारलं असतं तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं असतं की मला काही फरक ऐकू येत नाही.

हे वाचल्यावर मी मैत्रिणीला माझ्या एकटीच्या आवाजात शब्द ऐकवणं बंद केलं. आता ओळखीतल्या वेगवेगळ्या माणसांकडून, म्हाताऱ्यांकडून, मुलांकडून, घाईत असलेल्यांकडून ‘वात’ आणि ‘वाट’, ‘पात’ आणि ‘पाट’ बोलून घेते आणि फोनवर तिला पाठवते. ती उत्तर पाठवते आणि शेजारी ‘अंदाजाने’ असं लिहिते. गेल्या काही आठवड्यांत तिचे अंदाज निम्म्याहून बरेच जास्त वेळा बरोबर येऊ लागले आहेत.